वगळलेल्या एका कथेविषयी

ठाण्यातील एका छोट्या प्रकाशकाने काढलेल्या विज्ञानकथांच्या संकलनाला गेल्या वर्षी मी प्रस्तावना लिहिली. पुस्तकात तेरा कथा आहेत. निवडीसाठी माझ्याकडे आल्या तेव्हा त्या चौदा होत्या. प्रस्तुत लेख त्या चौदाव्या कथेविषयी आहे. ती मी वगळली, आणि वगळताना दिलेली कारणे वाङ्मयप्रकाराच्या सिद्धान्तात चपखल बसणारी होती. म्हणूनच त्या कारणांची तपासणी समीक्षेच्या नियतकालिकात व्हावी असे मला वाटते. संकलनाचे, प्रकाशकाचे आणि कथालेखकाचे नाव मी येथे देत नाही. लेखकाची तशी इच्छा आहे. शिवाय दोष माझा असल्याने त्यात इतरांची नावे गुंतवण्याचे कारणही नाही.

प्रकाशनसंस्था म्हणजे एक गृहस्थ, एक संगणक आणि वागळे इस्टेटमधील नातेवाइकाच्या छपाईच्या गाळ्यात मिळालेली टेबलाएवढी जागा. गाळ्यात मुख्यतः औषधांची खोकी आणि लेबले छापली जातात. त्या कामातून यंत्र मोकळे झाले की पुस्तकाचा एखादा फॉर्म छापून होतो. प्रती तीनशे. मुद्रिते घरी मागवता आली असती, पण दर शनिवारी मी तिथे जाऊन ती वाचत असे. याचे कारण वाङ्मयीन नव्हते. त्या गाळ्याच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षे लेथवर काम केले होते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, त्या वेळचा समारंभ याच वसाहतीत यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झाला होता. नवे राज्य, नवे उद्योग आणि नवा नागरिक यांविषयीचे एक भविष्यचित्रच त्या दिवशी येथे मांडले गेले असणार. वसाहतीतले रस्ते माणसांच्या नावांनी ओळखले जात नाहीत, आकड्यांनी ओळखले जातात. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. किसननगरच्या आमच्या खोलीतून आयटीआयच्या दिशेने चालत जाताना लहानपणी मला ही एखाद्या परग्रहावरची नगररचना वाटत असे. पुढे नव्वदीच्या दशकात एकेक वर्कशॉप बंद होत गेले, वडिलांचेही झाले. आता त्या रस्त्यांवर काचेच्या इमारती आहेत, त्यांत संगणकीय सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. रायलादेवीचा तलाव आणि कामगार विमा रुग्णालय तेवढे जुन्या ओळखीचे राहिले आहेत. ज्या भविष्याविषयी आपण कथा लिहितो ते काही ठिकाणी येऊन, राहून, निघूनही गेलेले असते. वागळे इस्टेट हे अशांपैकी एक ठिकाण आहे. हे मला फार उशिरा सुचले. प्रस्तावनेत यातले एक वाक्यही नाही.

प्रस्तावनेत काय होते? जे अशा प्रस्तावनांत असते ते होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांनी लिहिलेल्या ‘तारेचे हास्य’पासूनचा धावता इतिहास, ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोहोचवणारे भा. रा. भागवत, नारायण धारपांचे भयकथा आणि विज्ञानकथा यांच्या सीमेवरील लेखन. आणि मग अर्थातच मराठी विज्ञान परिषद. परिषदेची स्थापना १९६६ ची. तिची विज्ञानरंजन कथा स्पर्धा १९७० च्या सुमारास सुरू झाली, आणि १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णु नारलीकरांचे टोपणनाव, त्यांच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नीने केली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी नारलीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली, आणि या प्रकाराला मराठी साहित्यव्यवहारात अधिकृत प्रवेश मिळाला.

ही हकीकत मराठी विज्ञानकथेच्या प्रत्येक इतिहासात येते. ती सांगताना आपण तिच्यातील विरोधाभास मात्र सहसा पाहत नाही. शास्त्रज्ञाने आपले नाव आणि अक्षर लपवून कथा पाठवली, कारण तिची परीक्षा कथा म्हणून व्हावी अशी त्याची इच्छा होती. त्यानंतरच्या अर्धशतकात आपण नेमके उलटे केले. कथा सांगणारा विज्ञानाच्या बाजूने अधिकारी आहे की नाही, हे आपण आधी पाहू लागलो. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे या लेखकांनी आपापल्या परीने या प्रकाराला आकार दिला. फोंडके यांनी संपादित केलेले ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हे भारतीय विज्ञानकथांचे इंग्रजी संकलन नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढले, त्यात मराठी कथांचा वाटा मोठा आहे. जेम्स गन यांच्या ‘द रोड टु सायन्स फिक्शन’ या संकलनमालेच्या १९९८ च्या सहाव्या खंडात लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ इंग्रजीतून गेली. तरीही मराठी समीक्षेने विज्ञानकथेशी जो व्यवहार केला तो प्रामुख्याने विज्ञानप्रसाराच्या खात्यावर मांडला. कथेने विज्ञान सोपे करून सांगितले का, ते अचूक सांगितले का, समाजाचा दृष्टिकोन घडवला का, हे प्रश्न विचारले गेले. निवेदक कोण आहे, कथावकाश कोणता आहे, कोणाचे श्रम कथेत दिसतात आणि कोणाचे गृहीत धरले जातात, हे प्रश्न आपण ग्रामीण आणि दलित कथेपुरते राखून ठेवले होते.

मी स्वतः या दोषापासून मुक्त आहे, अशी माझी समजूत होती. माझे संशोधन मराठी लघुकथेतील निवेदकावर आहे, आणि ‘विज्ञानप्रसाराचे साधन’ या भूमिकेला मी प्रस्तावनेत स्पष्ट विरोध केला होता. निवडीसाठी मी जो निकष घेतला तो दार्को सुविन यांचा. १९७९ च्या ‘मेटॅमॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन’ या ग्रंथात त्यांनी विज्ञानकथेची व्याख्या बोध आणि अपरिचितीकरण यांच्या संयोगातून केली. रशियन रूपवाद्यांचे अपरिचितीकरण सर्वच साहित्यात असते. विज्ञानकथेत ते एका नव्या घटकामुळे घडते, आणि हा नवा घटक बोधाच्या, म्हणजे तर्कसंगत ज्ञानाच्या कसोटीला उतरावा लागतो. या कसोटीमुळे विज्ञानकथा परीकथेपासून आणि भूतकथेपासून वेगळी होते. निकष काटेकोर आहे, शिकवायला सोयीचा आहे. कथांमधील विज्ञानाविषयी शंका राहू नये म्हणून भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांकडून चौदाही कथा मी तपासून घेतल्या होत्या. त्यांनी तीन कथांमध्ये किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या. चौदाव्या कथेत त्यांना एकही चूक आढळली नव्हती.

आता त्या कथेकडे येते. कथा हाताने लिहिलेली होती, फुलस्केपची चौदा पाने. लेखक आयटीआयमधून निवृत्त झालेले निदेशक. कथेतील टर्नर निवृत्तीला आलेला आहे. त्याच्या लेथचा लीडस्क्रू झिजलेला आहे, पण त्याच्या हाताला ती झीज पाठ झालेली असल्याने जॉब अचूक निघतो. कंपनी नवे संगणकचलित यंत्र आणते. या यंत्रावर जुन्या लेथइतके काम उतरत नाही, म्हणून टर्नरच्या मनगटांना, कोपरांना आणि बोटांना संवेदक बांधून चाळीस दिवस त्याच्या हालचाली नोंदवल्या जातात. एकेचाळिसाव्या दिवशी त्याला निरोप दिला जातो. येथवरचा भाग कोणत्याही कसोटीवर निर्दोष आहे. त्यानंतर रात्री, तिसऱ्या पाळीत यंत्र सुरू झाले की घरी झोपलेल्या टर्नरचा उजवा हात हलू लागतो. आधी थोडा, मग पूर्ण पाळीभर. बायको हातावर उशी ठेवून झोपते. सुट्टीच्या दिवशी हात शांत असतो. पुढे कंपनी तोच प्रोग्रॅम आणखी चार ठिकाणच्या यंत्रांवर चढवते, आणि पाळ्या एकमेकींत मिसळतात. शेवटच्या प्रसंगात तो चहाची बशी धरू शकत नाही, कारण कुठेतरी, त्याला ठाऊक नसलेल्या गावात, पहिली पाळी सुरू झालेली असते.

माझे टिपण असे होते: पूर्वार्धातील नवा घटक बोधात्मक आहे, परंतु उत्तरार्धात यंत्र आणि हात यांच्यातील संबंधाचे कोणतेही स्पष्टीकरण नसल्याने कथा विज्ञानकथेच्या कक्षेबाहेर जाऊन भूतकथेकडे झुकते. स्पष्टीकरणाचा एक परिच्छेद घातल्यास कथा स्वीकारता येईल. अकराव्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने ‘येथे स्पष्टीकरण हवे’ असे लिहिलेही होते.

लेखकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “बाई, ते कसं होतं ते मलाही ठाऊक नाही. होतं, एवढं ठाऊक आहे.” मी त्यांना चेतासंस्थेविषयी, विद्युतचुंबकीय लहरींविषयी काही सुचवले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “तसं लिहिता येईल. पण मग ती गोष्ट लहरींची होईल.” दोन दिवसांनी प्रकाशकांकडे निरोप आला की माझी कथा राहू द्या. कथा मागे घेतली गेली असे म्हणून मी मोकळी झाले. ती मी घालवली होती.

पुस्तक छापून झाले, आणि त्याची पहिली प्रत मी वडिलांना दिली. अप्पांनी आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. किसननगरच्या फिरत्या वाचनालयातून ते ‘नवल’चे, ‘धनंजय’चे दिवाळी अंक आणत, आणि ते अंक मी त्यांच्या आधी पळवत असे. माझे विज्ञानकथेचे वाचन तिथे सुरू झाले. नारलीकरांचे ‘यक्षांची देणगी’ पुढे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळाले. अप्पांनी भिंग घेऊन पंधरा दिवसांत पुस्तक वाचून काढले.

“चांगल्या आहेत गोष्टी,” ते म्हणाले. “तुझी प्रस्तावना मला काही झेपली नाही. पण एक विचारू?”

“विचारा ना.”

“एवढी यानं उडतात ह्यात. त्यांचे जॉब काढले कुणी?”

मी हसले. हसल्यानंतर मात्र पुस्तक घेऊन बसले आणि मोजू लागले. तेरा कथांमधील प्रमुख पात्रांत नऊ शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक, एक डॉक्टर, एक पत्रकार आणि दोन वरिष्ठ सरकारी अधिकारी. कथावकाश प्रयोगशाळा, परिषदेचे सभागृह, नियंत्रणकक्ष, आणि क्वचित पुण्यातील किंवा दादरमधील दिवाणखाना. शिपाई तीन कथांत आहे, तिन्ही ठिकाणी तो चहा आणतो. एका कथेत मंगळावर आठशे माणसांची वसाहत आहे, आणि तिथला पाण्याचा पाइप कोण जोडतो हे शेवटपर्यंत कळत नाही. ज्या एका कथेत लेथ होता, बीड होते, व्हर्नियर होता, ती कथा टर्नरच्या मुलीने काढून टाकली होती.

हे केवळ भावनिक वैषम्य असते तर त्याविषयी लिहिले नसते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. तेरा कथांपैकी दोन कथांत कालयंत्र आहे. या दोन्ही लेखकांकडे मी स्पष्टीकरण मागितले नव्हते. कालयंत्र कसे चालते हे एच. जी. वेल्स यांनी १८९५ मध्ये सांगितले नाही, त्यानंतरही कोणी सांगितलेले नाही. एका कथेत प्राध्यापक ‘चौथ्या मितीतील वक्रता’ असे तीन शब्द उच्चारतो, आणि दार उघडते. हे तीन शब्द मला पुरले. कारण ते प्राध्यापकाने उच्चारले होते, आणि कारण ती रूढी होती. म्हणजे माझ्या निकषात बोध म्हणून जे उभे होते ते प्रत्यक्षात ज्ञान नव्हते, तर ज्ञानाचा अधिकार असलेल्या माणसाचा स्वर होता.

या ठिकाणी एक कबुली देणे भाग आहे. हा मुद्दा माझा नाही. कार्ल फ्रीडमन यांनी २००० मध्ये सुविन यांच्या व्याख्येत दुरुस्ती करताना म्हटले की विज्ञानकथेत बोध असतोच असे नाही, बोधाचा आभास परिणामकारक असला की पुरते. चायना मिएव्हिल यांनी २००९ मध्ये त्याहून पुढे जाऊन हा आभास कोणाच्या अधिकारातून निर्माण होतो असे विचारले, आणि त्यामागची तंत्रज्ञ-व्यवस्थापक वर्गाची विचारप्रणाली उघड केली. हे दोन्ही लेख मी वाचले होते. एवढेच नव्हे तर एम. ए. च्या वर्गात त्यांचा सारांश सांगितला होता. सिद्धान्त ठाऊक असणे आणि तो आपल्या हातातल्या पेन्सिलीपर्यंत उतरणे यांत किती अंतर असते, याचा हा पुरावा समजावा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी हा मुद्दा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चांगले गुण दिले असते.

माझ्या वाट्याला जे थोडे आले ते एका मराठी शब्दामुळे. गेल्या सत्रात वर्गात कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० च्या नाटकाविषयी बोलत होते. ‘रोबो’ हा शब्द या नाटकातून जगभर गेला. तो कारेल यांना त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवला होता. त्याचे मूळ चेक भाषेतील ‘रोबोटा’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ जमीनदारासाठी कुळाने करायचे सक्तीचे श्रम, म्हणजे आपल्याकडील वेठ. एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग मराठीत त्याला यंत्रमानव का म्हणतात? ह्यात वेठ कुठे आहे?”

वर्गात मला उत्तर देता आले नाही. चापेक यांचे रोबो धातूचे नाहीत, त्यांत चाके आणि दाते नाहीत. ते रासायनिक द्रव्यापासून कारखान्यात तयार केलेले, मांसाचे बनलेले जीव आहेत. म्हणजे ‘यंत्रमानव’ या शब्दातला ‘यंत्र’ चुकीचा आहे. आणि जो अर्थ मूळ शब्दाचा प्राण होता, तो श्रमाचा आणि सक्तीचा अर्थ, मराठीत येताना पूर्णपणे गळून पडला. हे शब्दाच्या अभावामुळे घडले म्हणावे तर आपल्याकडे शब्द होता, आणि चांगला रुळलेला होता. पेशवेकालीन सनदांत वेठबेगार माफ केल्याचे उल्लेख पदोपदी येतात. भारतीय संविधानाच्या कलम २३ ने बेगार निषिद्ध केली, तेव्हा हा शब्द कायद्याच्याही भाषेत जिवंत होता. तरी भविष्याचे भाषांतर करताना तो कोणाला आठवला नाही. भविष्य आपल्याकडे संस्कृत शब्दांतून आले: यंत्रमानव, अंतराळयान, कृष्णविवर, परग्रह. वेठ, पाळी, जॉब, बीड, सूत हे शब्द भूतकाळाच्या आणि वर्तमानाच्या बाजूला राहिले. भाषेची ही वाटणी झाल्यावर कथांची वाटणी व्हायला फारसे काही शिल्लक राहत नाही.

आमच्या विभागाच्या ग्रंथालयात ही वाटणी डोळ्यांना दिसते. ‘कामगार साहित्य’ असे लिहिलेल्या फळीवर अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर उद्ध्वस्त झालेल्या जगाचे ‘अधांतर’ हे जयंत पवारांचे नाटक आहे. ‘विज्ञान साहित्य’ ही फळी खिडकीजवळ आहे. दोन्ही फळ्यांवर ठेवता येईल असे पुस्तक शोधायला गेले तर हात बराच वेळ रिकामा राहतो. गिरणीला निदान तिचे लेखक मिळाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील, अंबरनाथ-डोंबिवलीतील अभियांत्रिकी आणि रासायनिक कारखान्यांचे जग कादंबरीच्या आणि कथेच्या मुख्य प्रवाहात फारसे आलेच नाही, असे निदान माझे वाचन सांगते. हे जग तंत्रज्ञानाने सर्वांत अधिक घडवलेले आणि मोडलेलेही आहे. विज्ञानकथा तेथून निघायला हवी होती. अपवाद अर्थातच आहेत. भोपाळच्या वायुकांडावर सुबोध जावडेकरांनी लिहिलेली ‘आकांत’ ही कादंबरी रासायनिक उद्योगाच्या आतून पाहते, आणि जावडेकर स्वतः रासायनिक अभियंता असल्याने तिच्यातील झडपा आणि टाक्या केवळ नेपथ्य राहत नाहीत. अरुण साधूंनी विज्ञान कादंबरीला राजकीय भान आणले. परंतु अपवाद म्हणून या नावांचा उल्लेख करावा लागतो यातच मुद्दा आला.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की कथेत कामगार नाही म्हणून कथा वाईट ठरत नाही. तो मला मान्य आहे. ‘कृष्णविवर’मध्ये जोडारी शोधत बसणे हा रसिकतेचा प्रकार नव्हे. खगोलभौतिकीतील कालविलंबनाची कल्पना ज्या संयमाने त्या कथेत माणसाच्या आयुष्यावर आदळते, तो संयम पुढच्या कित्येक लेखकांना साधला नाही. माझे म्हणणे एका कथेविषयी नाही, निवडीविषयी आहे. संकलन हा स्वतंत्र वाङ्मयव्यवहार आहे. एकट्या कथेत जे केवळ अनुपस्थित असते, ते तेरा कथा शेजारी शेजारी ठेवल्यावर धोरण होते. स्पर्धेच्या परीक्षकाला, दिवाळी अंकाच्या संपादकाला आणि माझ्यासारख्या प्रस्तावनाकाराला हे धोरण आपले आहे असे कधीच वाटत नाही. आपण फक्त दर्जा पाहिला असे प्रत्येकाला वाटते. छोट्या प्रकाशनाकडून येथे वेगळी अपेक्षा करता आली असती. त्याला कोणाची मान्यता नको होती, तीनशे प्रतींत कोणाचे नुकसानही होणार नव्हते. ज्या गाळ्यात पुस्तक छापले जात होते तेथून वीस पावलांवर त्या कथेचे घटनास्थळ होते. मोठ्या संस्थेचा निकष मी तिथे स्वखुशीने घेऊन गेले.

आणि भूतकथेचे काय? उत्तरार्धाला मी भुताटकी म्हटले, ते एका अर्थाने बरोबरच होते. अप्पांचे वर्कशॉप बंद झाले त्यानंतरची काही वर्षे ते त्याच रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीत रात्रपाळीचे पहारेकरी होते. त्या काळात झोपेत त्यांचा उजवा अंगठा आणि तर्जनी काहीतरी फिरवत असत. आई म्हणायची, “चक आवळतायत.” आमच्या घरात याला कोणी स्पष्टीकरण मागितले नव्हते. हाताला सवय असते, एवढे सर्वांना पुरेसे होते. हे ज्ञान आहे की नाही, आणि असल्यास सुविन यांच्या व्याख्येत ते कोठे बसते, हा प्रश्न मी प्रस्तावना लिहिताना स्वतःला विचारायला हवा होता. कथा वाचताना अप्पांचा अंगठा मला आठवला होता का? खरे सांगायचे तर आठवला होता. विद्यापीठीय शिस्तीचा भाग म्हणून मी तो बाजूला ठेवला.

दिवाळीनंतर लेखकांना भेटायला सावरकरनगरला गेले. दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नसला तरी कथा वर्गात शिकवण्याची परवानगी हवी होती, आणि क्षमाही मागायची होती. क्षमेचा विषय त्यांनी फारसा वाढू दिला नाही. कथेची दुसरी प्रत त्यांच्याकडे नव्हती, जी होती ती माझ्याच फाइलमध्ये होती. ती मी सोबत नेली होती. चष्मा लावून त्यांनी ती पहिल्यापासून वाचायला घेतली. अकराव्या पानावरची माझी नोंद त्यांनी पाहिली असावी, पण काही बोलले नाहीत. पाने उलटी फिरवत ते चौथ्या पानावर थांबले.

“हे बघा, चुकलंय ते इथं. बिडाच्या जॉबवर मी कुलंट सोडलंय. बीड कोरडंच कापतात. तुमच्या त्या प्रोफेसरसाहेबांना नाही कळायचं. पण तुम्ही धरायला पाहिजे होतं. वडील टर्नर म्हणालात ना?”

मी हो म्हटले. त्यांनी माझ्याकडची पेन्सिल मागून घेतली, ते वाक्य खोडले, वर बारीक अक्षरात नवे लिहिले आणि कागद परत दिले. घरी आल्यावर मी अप्पांना सहज विचारल्यासारखे विचारले, बीड कापताना पाणी सोडतात का.

“कोरडंच,” ते म्हणाले. “का गं?”